कमी वेगात मागचं चाक का सटकतं? नव्याने बाइक चालवणाऱ्यांसाठी

सिग्नल सुटतो, क्लच सोडला जातो आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक वीतभर बाजूला जातं. किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरताना पायातला ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग स्वतःच्याच मनाने डावीकडे निघतो. वेग बघाल तर दहा, पंधरा, फार तर वीस. नुकतीच गाडी शिकलेल्याला याचा धक्का जास्त बसतो, कारण घरच्यांनी एकच मंत्र दिलेला असतो: हळू चालव, काही होत नाही.

मग गॅरेजवाला म्हणतो टायर बदला, मित्र म्हणतो हवा कमी कर, कोणी म्हणतं एक साइज रुंद टायर टाक. यातला पहिला सल्ला कधीकधी बरोबर असतो. पण बहुतेक वेळा टायरवर आळ येतो आणि खरं कारण हात-पायात असतं. वेग कमी असला म्हणजे टायरवरचा भार कमी असतो, हा समजच चुकीचा आहे. पहिल्या गिअरमध्ये, आखूड वळणात आणि घाईच्या ब्रेकमध्ये मागच्या टायरला कधीकधी हायवेवर सरळ ऐंशीने जाताना लागतो त्याहून जास्त जोर लावावा लागतो.

आधी थोडा हिशोब

आकड्यांना घाबरू नका, एकदा बघितले की पुढचं सगळं सोपं जाईल.

टायरची पकड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्या चाकावर किती वजन आहे आणि खालचा रस्ता किती धरतो. ११० किलोची शंभर सीसी गाडी घ्या, वर ७० किलोचा माणूस. एकूण १८०. त्यातलं अंदाजे निम्मं, म्हणजे ९० किलो, मागच्या चाकावर. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर या वजनाच्या ७० ते ८० टक्के जोर पेलतो, म्हणजे ६५-७० किलो. चाकाखाली गटाराचं ओलं लोखंडी झाकण किंवा शेवाळलेला पेव्हर ब्लॉक आला की हाच आकडा वीस-पंचवीस किलोवर येतो.

आता इंजिनाची बाजू. अशा गाडीचं इंजिन जास्तीत जास्त ८ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. ऐकायला किरकोळ. पण पहिल्या गिअरमध्ये क्रँकपासून, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यापासून, चेनच्या मागच्या चक्रापर्यंत पोचेस्तोवर तो तीसपटीहून जास्त होतो. चाक रस्त्याला जिथे टेकतं तिथे साधारण ८० किलोचा ढकला बसतो. कोरड्या रस्त्यावर हे निभतं, कारण गाडी पुढे उसळताना वजनही मागच्या चाकावर येतं. ओल्या लोखंडावर मात्र पकड पंचवीसची आणि मागणी ऐंशीची. पाव मूठ पिळली तरी चाक जागच्या जागी फिरणार. 'माझी गाडी तर शंभर सीसीची आहे, तिचं चाक कसलं फिरतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सारख्या गाडीत टॉर्क २७ न्यूटन मीटर आहे आणि तो खालच्या फेऱ्यांवरच हाताशी येतो. तिथे मुठीला आणखी सांभाळून हात लावावा लागतो.

वळणाचा हिशोब तर लोक कधी करतच नाहीत. आठ मीटर रुंद रस्त्यावर एका दमात यू-टर्न घ्यायचा म्हणजे साधारण चार मीटर त्रिज्येचं वर्तुळ. हे वळण ताशी १० किलोमीटरने घेतलं तर बाहेर न सरकण्यासाठी टायरला वजनाच्या २० टक्के जोर लावावा लागतो. १५ ने घेतलं तर ४४ टक्के. २० ने घेतलं तर जवळपास ८० टक्के, म्हणजे कोरड्या डांबराची सगळीच पुंजी संपली. दहाचे पंधरा झाले तर स्पीडोमीटरचा काटा जेमतेम हलतो, टायरची गरज मात्र दुपटीवर जाते. ओल्या रस्त्यावर कुठे बारीक खडी किंवा डिझेल असेल तर पंधराचा वेगही जास्त झाला.

शिवाय वळण, रेस आणि ब्रेक यांचा खर्च त्याच पकडीतून होतो. वळणात तिचा मोठा भाग गेला असेल तर रेस द्यायला फारसं काही उरत नाही. अर्ध्या यू-टर्नमध्ये 'चला, आता निघू' म्हणून मूठ पिळणाऱ्यांचं चाक सटकतं ते यामुळे.

पायरी पहिली: सटकलं तेव्हा काय चालू होतं?

गाडी गॅरेजला नेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. उजवा हात काय करत होता, डावा हात काय करत होता, उजवा पाय कुठे होता? उत्तर प्रामाणिक असेल तर निम्मं निदान तिथेच होतं.

रेस देताना किंवा क्लच सोडताना सटकलं, तर चाक रस्त्यापेक्षा वेगाने फिरलं. इंजिनचा आवाज अचानक चढतो, गाडी मात्र तेवढी पुढे जात नाही, हीच त्याची खूण. ब्रेक दाबल्यावर किंवा गिअर उतरवल्यावर सटकलं, तर चाक थांबलं आणि गाडी पुढे घसरत राहिली. कोरड्या रस्त्यावर 'चर्र' आवाज येतो आणि मागे काळी रेघ उमटते. आणि हात-पाय स्वस्थ असताना, साध्या सरळ चालीत मागचा भाग हलला, तर मग टायर, हवा आणि चाकाची बेअरिंग तपासायची. हा तिसरा प्रकार कमी भेटतो, पण भेटला तर हयगय करू नका.

रेस आणि क्लच

नवशिक्याचा क्लच दोनच ठिकाणी असतो: पूर्ण दाबलेला किंवा पूर्ण सोडलेला. मधला पट्टा, ज्याला सगळे हाफ क्लच म्हणतात, तिथे हात थांबतच नाही. इंजिन आधीच फिरत असतं, क्लच झटक्यात सोडला की त्या फिरण्याची साठलेली ताकद एका क्षणात चाकावर आदळते. गाडी बंद तरी पडते नाहीतर चाक तरी फिरतं. बंद पडू नये म्हणून नवशिका आधी भरपूर रेस देतो आणि मग क्लच सोडतो, म्हणजे दुसरी शक्यता स्वतःच ओढवून घेतो.

उपाय सवयीचा आहे. गाडी हलायला लागेपर्यंत रेस जेमतेम, क्लच हळू. गाडी हलली तरी लिव्हर लगेच सोडून द्यायचा नाही. दोन-तीन मीटर जाईपर्यंत तो बोटात धरून ठेवायचा. ओल्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर गाडी चालती झाली की लवकर दुसरा टाका. पहिल्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये चाकावर येणारा जोर बराच कमी असतो, काही कम्युटर, म्हणजे रोजच्या ये-जा करण्याच्या, गाड्यांत जवळपास निम्मा, आणि हाताची छोटी चूक चाकापर्यंत तेवढी तीव्र पोचत नाही.

इथे सैल चेनही आगीत तेल ओतते. चेन लोंबत असेल तर रेस दिल्यावर आधी ती ताणली जाते आणि मग एकदम झटका बसतो. हात कितीही हळू असो, चाकाला मिळतो तो धक्काच. गाडी मेन स्टँडवर लावा, खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलीमीटर हालचाल योग्य मानतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक फिरवत चार-पाच जागी बघा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते.

पायातला ब्रेक

आपल्याकडे कमी वेगात चाक सटकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, असं माझं मत. सायकलवर पुढचा ब्रेक दाबून तोंडावर आपटलेल्या पिढ्यांनी पुढच्यांना शिकवलं की पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त पायाने थांबतात.

त्यात अडचण अशी की ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. वरच्याच गाडीत मध्यम जोराने ब्रेक लावला तर मागच्या चाकावरचं ९० किलो वजन पन्नासच्याही खाली येतं. म्हणजे जितका जोरात थांबाल तितकी मागच्या टायरची पकड कमी होत जाते, आणि घाबरलेला पाय नेमका त्याच वेळी जास्त दाबतो. चाक लॉक होतं. एकदा लॉक झालं की टायर बाजूलाही धरत नाही, आणि रस्त्याच्या उताराप्रमाणे मागचा भाग कडेला जातो.

थांबण्याच्या अंतरातला फरक बघा. ताशी ३० किलोमीटर वेगाने कोरड्या रस्त्यावर फक्त मागच्या ब्रेकने थांबलात तर ब्रेक लागल्यापासून १२ मीटरच्या आसपास लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर पाच-सहा मीटर. हा फरक रिक्षेच्या दोन लांबींहून जास्त आहे.

म्हणून सरळ जाताना, हँडल सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावायचे. पुढचा दोन बोटांनी, आधी हलका आणि वजन पुढे आल्यावर घट्ट, मागचा साथीला. पण हँडल वळलेलं असेल आणि वेग चालण्याइतका असेल, म्हणजे यू-टर्नमध्ये, पार्किंगमध्ये, चिखलात, तर पुढच्या ब्रेकवरून बोटं काढा आणि पायातला ब्रेक हलकेच वापरा. पुढचं चाक वळलेलं असताना सटकलं तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. मागचं सटकलं तर निदान संधी असते. या दोन परिस्थितींची गल्लत झाल्यामुळेच 'पुढचा ब्रेक वाईट' हा गैरसमज टिकून आहे.

आता एबीएसबद्दल, म्हणजे ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, कारण 'माझ्या गाडीला एबीएस आहे, तरी चाक घसरलं' ही तक्रार नेहमीची. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक, म्हणजे पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो अशी सोय. पण दीडशे-एकशेसाठ सीसीच्या अनेक गाड्यांत एबीएस सिंगल चॅनेल असतं, ते फक्त पुढच्या चाकाला सांभाळतं. मागचं चाक खुशाल लॉक होऊ शकतं. तुमच्या गाडीत काय आहे ते चाकाजवळ वाकून बघा: ब्रेक डिस्कच्या आत खाचा असलेली एक छोटी गोल पट्टी असते. ती फक्त पुढच्या चाकावर असेल तर मागचं चाक तुमच्या पायाच्या भरवशावर आहे. आणि दोन्ही चाकांना एबीएस असलं तरी अगदी चालण्याच्या वेगात ते काम करत नाही. कॉम्बी ब्रेक तर लॉक होणं थांबवतच नाही, फक्त जोर वाटून देतो.

मागे ड्रम ब्रेक असेल तर लायनरही, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, बघून घ्या. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचा ड्रम आतून गंजाळतो आणि सकाळी पहिला ब्रेक अपेक्षेपेक्षा चावून लागतो. गेटबाहेर पडल्यावर, मागे कोणी नसताना, दोन-तीनदा हलके ब्रेक मारून तो साफ करून घ्यावा. पेडलला थोडा खेळ हवा, साधारण २० ते ३० मिलीमीटर. मेकॅनिकने 'कडक ब्रेक' करून दिला म्हणून खूश होऊ नका. पायाने जोर मोजायला जागाच उरली नाही तर चाक लॉक होणारच.

गिअर उतरवणे

स्पीडब्रेकर दिसला, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला आणि क्लच फटकन सोडला. ब्रेकला पाय लागलेला नाही, तरी चाक किंचाळतं. गाडी पंचवीस-तीसने चालली आहे आणि पहिल्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिनने बरंच जास्त फिरायला हवं. ते तेवढं फिरत नसतं, म्हणून चाकच त्याला ओढतं आणि ओढता ओढता सटकतं.

चालत्या गाडीला पहिल्या गिअरची गरज फारशी नसते. स्पीडब्रेकरवर दुसरा पुरतो. वेग आधी ब्रेकने कमी करा, मग एकेक गिअर खाली घ्या आणि दर वेळी क्लच हळू सोडा. यामाहा आर१५ सारख्या काही गाड्यांत स्लिपर क्लच असतो, तो हा झटका बराच शोषून घेतो. ज्यांनी शिकायला अशी गाडी घेतली त्यांना साध्या गाडीवर बसल्यावर एकदम फरक जाणवतो.

पायरी दुसरी: टायर तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यासाठी गॅरेजची गरज नाही.

हवेपासून सुरुवात करा. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकर असतो, त्यात आकडे दिलेले असतात. बऱ्याच कम्युटर गाड्यांना पुढे २५ आणि मागे एकट्याला २८ पीएसआय, डबलसीटला त्याहून जास्त. पंपावर 'किती?' विचारल्यावर आपण 'नॉर्मल' म्हणतो आणि पोरगा पस्तीस-चाळीस ठोकून देतो. इतकी हवा भरली की टायर टणक होतो, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि बारीक खडीवर चाक उड्या मारतं. आकडा सांगून हवा भरा, टायर थंड असताना. ग्रिपसाठी मुद्दाम हवा कमी करण्याचा सल्ला चिखलातल्या ऑफरोडवाल्यांसाठी ठीक आहे. शहरात त्याने वळणात गाडी डुलते आणि खड्ड्यात रिम वाकते. नायट्रोजनने पकड वाढत नाही, तिथे पैसे घालवू नका.

मग झीज. टायरच्या कडेला छोटा बाण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या रेषेत खाचेत बघा, तळाशी एक उंचवटा दिसेल. वरचं रबर त्या उंचवट्याला भिडलं की टायर संपला. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, म्हणून लोक उन्हाळाभर ओढतात आणि पहिल्या पावसात पडतात. रोज सरळ रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्यांच्या टायरचा मधला पट्टा सपाट होतो आणि कडा तशाच राहतात. अशी गाडी वळणात कलताना एका टप्प्यावर खट्कन पायरी उतरल्यासारखी वाटते. तोही बदलायचा इशारा समजा.

तिसरी गोष्ट वय. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कमी चालवलेल्या गाडीत खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर कडक झालेलं असतं. नख रुतवून बघा, कडेला बारीक तडे शोधा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर खाचा कितीही खोल असोत, मी तरी तो पावसाळ्यात ठेवणार नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी किलोमीटरच्या आधी हे चार आकडे बघावेत.

आता टायरवर काय लागलं आहे ते. वॉशिंग सेंटरला गाडी धुतली की शेवटी टायर काळा कुळकुळीत करण्यासाठी पॉलिश मारतात. कडेला मारलं तर ठीक, पण फडका रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही फिरतो. त्या दिवशी गेटमधून बाहेर वळतानाच गाडी लोण्यावर असल्यासारखी जाते. आधीच सांगा: 'टायरला पॉलिश नको.' चेनच्या तेलाचंही तसंच. चेनला स्प्रे मारून लगेच निघालात तर तेल उडून टायरच्या चेनकडच्या बाजूला बसतं, बहुतेक गाड्यांत ही डावी बाजू. फक्त डाव्या वळणात चाक सटकत असेल तर तिथे बोट फिरवून बघा. स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं थांबावं, जास्तीचं तेल पुसावं, आणि टायरला लागलंच असेल तर साबणाच्या पाण्याने घासून काढावं.

नवा टायर टाकला असेल तर पहिले शंभरएक किलोमीटर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तेवढे दिवस सौम्य चालवा. आणि रुंद टायरची हौस: मूळ रिमवर एक-दोन साइज मोठा टायर बसवला की त्याच्या कडा दाबल्या जातात, आकार बिघडतो, गाडी वळायला जड होते. दिसायला भारी, बाकी फायदा नाही.

पायरी तिसरी: चाकाखाली काय येणार आहे ते बघा

मेचा शेवट ते जूनचा मध्य हा आपल्याकडचा सगळ्यात फसवा काळ. आठ महिने रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरचा भुसा वळवाच्या पहिल्या सरीत वर येतो आणि पातळ लगदा तयार होतो. धो-धो पाऊस हे सगळं धुऊन नेतो. रिमझिम जास्त वाईट, कारण ती भिजवते पण धुवत नाही. पहिल्या सरीला थांबून चहा घेणारे शहाणे असतात.

सिग्नलजवळ रस्त्याच्या पट्ट्याचा मधला भाग टाळा. गाड्या तिथेच उभ्या राहतात आणि त्यांचं तेल तिथेच गळतं. चारचाकीची चाकं जिथून जातात त्या दोन रेघांपैकी एकीवर राहा. पांढरे जाड पट्टे आणि गटाराची झाकणं ओली असताना त्यांच्यावरून जावंच लागलं तर गाडी सरळ ठेवा. रेस आणि ब्रेक त्याआधी किंवा नंतर. रेल्वे फाटकावर रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. मुंबईत काही चौकांत पेव्हर ब्लॉक आहेत. जुने झाले की वरून झिजून गुळगुळीत होतात आणि पावसात त्यांच्या फटींत शेवाळ धरतं.

घाटात आखूड वळणाच्या आतल्या बाजूला डिझेल सांडलेलं असतं, कारण टाकी काठोकाठ भरलेल्या ट्रकचं डिझेल वळणात हिंदकळून बाहेर येतं. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो, कोरड्यावर फक्त काळपट ओलसर डाग आणि वास. वास आला की डोळे आधी रस्त्यावर. कोकणात आणि गोव्यात लाल मातीचा गाळ पावसात रस्त्यावर उतरतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीतून पडलेलं पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती रस्त्यावर असते; सकाळच्या दवात ती साबणासारखी होते. पुण्यात जांभळाच्या झाडाखाली जूनमध्ये जांभळांचा सडा आणि वर्षावृक्षाखाली चिरडलेल्या शेंगांचा चिकट थर, दोन्हींवर दुचाक्या घसरतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओला गुलाल विसरू नका.

बेसमेंट पार्किंगची चकचकीत रंगवलेली फरशी वेगळी सांगायला हवी, कारण तिथे वेग सगळ्यात कमी आणि गाफीलपणा सगळ्यात जास्त. बाहेरून ओले टायर घेऊन आलात की त्या रंगावर पाण्याला जायला वाट नसते. उतरंडीवर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडून, इंजिनच्या ओढीने उतरा आणि वळण्याआधीच वेग मोडा. पेट्रोल पंपाची फरशीही याच जातीची.

पायरी चौथी: मैदानात जा

वाचून हात तयार होत नाहीत. रविवारी सकाळी मोकळं मैदान गाठा. कोरडं, मुरमाचं आणि सपाट असेल तर उत्तम. हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्यापर्यंतचे बूट. चप्पल घालून हे करू नका.

आधी पंधरा-वीस मिनिटं फक्त हाफ क्लचवर, माणसाच्या चालीने, सरळ रेषेत. रेस किंचित आणि स्थिर, वेग क्लचने कमी-जास्त, पायातला ब्रेक अगदी हलका लागलेला. हे जमलं की ट्रॅफिकमधली निम्मी झटापट संपते.

मग मुद्दाम चाक लॉक करा. ताशी पंधराच्या आसपास, हँडल सरळ, नजर समोर, पायातला ब्रेक जरा जास्त दाबा. चाक थांबेल, मुरूम खरवडेल, मागचा भाग थोडा हलेल. पाय सोडा, गाडी आपोआप सरळ होते. पुन्हा करा. चाक लॉक होण्याच्या आधी पायाला पेडलमध्ये जे जाणवतं ते ओळखता यायला हवं. पहिल्यांदा हे रस्त्यात अनुभवण्यापेक्षा इथे अनुभवलेलं बरं.

त्यानंतर खडूने किंवा दोन बाटल्या ठेवून आठचा आकडा आखा आणि तो दुसऱ्या गिअरमध्ये घ्या. पूर्ण वळणभर रेस एकसारखी. रेस सोडायची नाही, वाढवायचीही नाही. गाडी सरळ झाल्यावरच मूठ पिळायची. नजर पुढच्या बाटलीकडे, चाकाकडे नाही. डांबरावर दोन्ही ब्रेकचा सराव शेवटी, आधी वीसच्या वेगाने.

पायरी पाचवी: तरीही सटकलंच तर

रेस देताना चाक फिरलं, तर मूठ एकदम बंद करू नका. एकदम बंद केलीत की फिरणारं चाक अचानक पकड घेतं आणि गाडी झटका देते. मूठ थोडी सैल करा किंवा क्लच किंचित ओढा.

ब्रेकमध्ये मागचं चाक लॉक झालं आणि गाडी अजून सरळ आहे, तर पाय लगेच हलका करा आणि पुन्हा कमी जोराने दाबा. वेग जास्त असेल आणि मागचा भाग बराच बाजूला गेला असेल तर गोष्ट उलटी होते: तेव्हा पाय एकदम सोडला तर चाक अचानक धरतं आणि गाडी स्वाराला वरून फेकते. तशा वेळी नजर समोर ठेवून, पाय तसाच ठेवून सरळ थांबणं बरं. दहा-पंधराच्या वेगात ही वेळ सहसा येत नाही.

आणि कलंडत्या गाडीला पायाने तोलून धरायचा मोह आवरा. दीडशे किलोची गाडी ओल्या फरशीवर कोणाचाही पाय धरू शकत नाही, घोटा मात्र मोडतो. ती जात असेल तर जाऊ द्या, बाजूला व्हा. लिव्हर आणि इंडिकेटर नवे मिळतात.

हात-पाय सुधारले, टायर ठीक, हवा बरोबर, तरी मागचा भाग सरळ रस्त्यात हलत असेल, तर गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश गेले आहेत. चेन घट्ट केल्यावर चाक तिरकं बसलेलं असणं हेही नेहमीचं. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरवरच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा. हे मेकॅनिकला दाखवताना 'गाडी स्लिप होते' एवढंच सांगू नका, नाहीतर तो टायर बदलून देईल. कुठल्या गिअरमध्ये, कुठल्या वळणात, ब्रेक लागलेला असताना की नसताना, ते सांगा.